हिशेब जुळला, पण सांगता आला का? अकाउंटिंगच्या विद्यार्थ्यांचा संवाद आणि गटकार्य रूब्रिकने कसं तपासावं

अकाउंटिंग शिकवायला लागले त्या पहिल्या सत्रात माझ्या गुणपत्रकात दोन रकाने होते: ‘सादरीकरण – १०’ आणि ‘गटकार्य – १०’. सत्र संपल्यावर पाहिलं तर जवळजवळ प्रत्येकाच्या नावापुढे दोन्हीकडे सात. जिने रात्री बसून चौघांचे आकडे जुळवले तिला सात, आणि जो सादरीकरणाच्या दिवशीच गटात पहिल्यांदा दिसला त्यालाही सात. ती मुलगी विचारायला आली, “मॅडम, आठ मिळवायला मी आणखी काय करायला हवं होतं?” मला उत्तर देता आलं नाही, कारण सात आणि आठ यांत काय फरक आहे हे मी कधी ठरवलंच नव्हतं. ताळेबंद जुळला नाही तर तो कुठे चुकला हे मी दोन मिनिटांत दाखवू शकत होते. गटकार्याबद्दल मात्र माझ्याकडे फक्त एक ‘वाटणं’ होतं.

रूब्रिककडे मी वळले ती त्या प्रश्नामुळे. तुम्ही नव्यानं शिकवायला लागला असाल आणि ‘कौशल्यांचंही मूल्यमापन करा’ अशी सूचना हातात पडली असेल, तर सुरुवात कशी करायची ते इथे क्रमानं सांगते.

आधी शब्दाचा अर्थ. रूब्रिक म्हणजे एक तक्ता. त्याच्या ओळींत निकष असतात, रकान्यांत पातळ्या असतात आणि प्रत्येक चौकटीत त्या निकषावर त्या पातळीचं काम कसं दिसतं त्याचं वर्णन असतं. निकष आणि गुण एवढंच लिहिलेला कागद म्हणजे रूब्रिक नव्हे, ती नुसती गुणविभागणी झाली. रूब्रिकचे दोन प्रकार आहेत. समग्र रूब्रिकमध्ये सगळ्या कामाला मिळून एकच पातळी देतात, निकषनिहाय रूब्रिकमध्ये प्रत्येक निकषाला वेगळी. नवख्या शिक्षकानं निकषनिहायच घ्यावं. वेळ थोडा जास्त लागतो, पण ‘कुठे कमी पडलं?’ या प्रश्नाचं उत्तर त्यातूनच मिळतं.

पायरी १ : नेमकं काय तपासायचं ते ठरवा

‘संवादकौशल्य’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर व्यासपीठावर उभं राहून बोलणारा विद्यार्थी येतो. अकाउंटंटच्या कामात भाषण हा संवादाचा फार छोटा भाग आहे. व्यावसायिक अकाउंटंटच्या शिक्षणासाठी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. त्यांतलं तिसरं, म्हणजे आयईएस ३, व्यावसायिक कौशल्यांबद्दल आहे. त्यात कौशल्यांचे चार गट केले आहेत: बौद्धिक, परस्परसंबंध आणि संवाद, वैयक्तिक, आणि संघटनात्मक. दुसऱ्या गटात सहकार्यानं काम करणं येतं, औपचारिक-अनौपचारिक प्रसंगी स्पष्ट आणि थोडक्यात मांडणं येतं, आणि त्यांच्याच बरोबरीनं लक्षपूर्वक ऐकणं, मुलाखतीचं तंत्र, वाटाघाटी, भाषा आणि संस्कृतीतल्या फरकांची जाण हेही येतं. लेखापरीक्षक दिवसभर काय करतो ते आठवा. भांडारपालाला, रोखपालाला, व्यवस्थापकाला तो प्रश्न विचारत असतो आणि मिळालेल्या उत्तरातली गाळलेली जागा ओळखत असतो. तेव्हा ऐकणं हासुद्धा संवादाचाच निकष आहे.

ऑस्ट्रेलियात २०१० साली अकाउंटिंगच्या पदवीसाठी किमान अपेक्षा ठरवल्या गेल्या, तेव्हा पाचपैकी एक अपेक्षा ‘संवाद आणि गटकार्य’ अशी एकत्र ठेवली होती. त्यातला मला सगळ्यांत मोलाचा वाटलेला भाग म्हणजे पदवीधराला आपला सल्ला अकाउंटंट असलेल्यांना आणि नसलेल्यांनाही समजावता आला पाहिजे. अकाउंटंट नसलेला माणूस हीच खरी परीक्षा. ‘कार्यशील भांडवलात प्रतिकूल बदल’ हे शब्द वर्गात चालून जातात, पण कारखान्याच्या मालकाला पगार द्यायला पैसे का नाहीत ते त्यातून कळत नाही.

एका कामात सगळंच तपासायला जाऊ नका. एका सत्रात लेखी संवाद, तोंडी संवाद आणि गटकार्य यांपैकी दोन घेतलेत तरी भरपूर झालं.

पायरी २ : तक्त्याआधी काम ठरवा

पुष्कळ जण आधी तक्ता शोधतात आणि मग त्यात बसेल असं काम देतात. हे उलटं आहे. ज्या कामात ते कौशल्य वापरल्यावाचून निभावत नाही असं काम आधी हवं. चौघांना चार उदाहरणं वाटून देता येत असतील आणि शेवटी पानं टाचून एकत्र करता येत असतील, तर त्या कामात गटकार्य नाहीच. मग ते तपासणार कशात?

मी देते ते काम असं. चार जणांचा गट, चार आठवडे. एका काल्पनिक कारखान्याची दोन वर्षांची पत्रकं द्यायची. निव्वळ नफा १२ लाख झालाय, तरी बँकेतली शिल्लक घटलीय, आणि मालकाचा प्रश्न आहे: “नफा झाला तर पैसे गेले कुठे?” गटानं रोकड प्रवाह पत्रक तयार करायचं, मालकासाठी एका पानाचं टिपण लिहायचं आणि आठ मिनिटं बोलून नंतर पाच मिनिटं प्रश्नांना उत्तरं द्यायची.

आकडे असे ठेवले आहेत. घसारा ३ लाख. तो खर्च म्हणून वजा झालाय, पण त्यात रोकड गेलेली नाही, म्हणून परत मिळवायचा. येणी ११ लाखांनी वाढली आणि साठा ८ लाखांनी वाढला, दोन्ही वजा. देणी २ लाखांनी वाढली, ती मिळवायची. १२ + ३ – ११ – ८ + २ = –२. म्हणजे धंद्यातूनच रोकड २ लाखांनी कमी झाली. हिशेब अवघड नाही, आणि मुद्दामच अवघड ठेवलेला नाही. हिशेबातच सगळी दमछाक झाली तर विद्यार्थ्याच्या सांगण्याच्या कौशल्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही, ना त्याचं ना तुमचं.

पायरी ३ : निकष निवडा

चार किंवा पाच. सहाव्या निकषानंतर तपासणाऱ्याचं लक्ष उडतं आणि निकष एकमेकांत मिसळायला लागतात.

तयार रूब्रिक पाहायची असतील तर अमेरिकेतल्या असोसिएशन ऑफ अमेरिकन कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज या संस्थेनं २००९ साली प्रसिद्ध केलेली ‘व्हॅल्यू’ रूब्रिक्स पाहा. लेखी संवाद, तोंडी संवाद आणि गटकार्य यांसाठी त्यात स्वतंत्र तक्ते आहेत. तोंडी संवादात रचना, भाषा, सादर करण्याची पद्धत, आधारसामग्री आणि मध्यवर्ती संदेश असे पाच निकष आहेत. पण ते तक्ते जसेच्या तसे उचलून गुण देऊ नका. ते संपूर्ण संस्थेतल्या शिक्षणाचा अंदाज घेण्यासाठी बनवले आहेत. त्यांतली पहिली पातळी म्हणजे नुकताच आलेला विद्यार्थी आणि चौथी म्हणजे पदवी पूर्ण करून बाहेर पडणारा. पहिल्या वर्षाच्या मुलाला तिथे २ मिळाले तर ते ५० टक्के नव्हेत, त्याची ती वाटचाल अगदी ठीक चालली आहे.

आपल्या टिपणासाठी मी चार निकष ठेवते: वाचकाची जाण, आकड्यांचा आधार, रचना, आणि भाषा. सादरीकरणात पाचवा येतो, प्रश्नांना दिलेली उत्तरं. हिशेबाच्या अचूकतेचे गुण वेगळ्या ठिकाणी द्या. ते संवादात मिसळले की चुकीचं उत्तर छान समजावणारा आणि बरोबर उत्तर अजिबात समजावू न शकणारा, दोघांना सारखेच गुण पडतात, आणि दोघांनाही आपलं काय चुकलं ते कळत नाही.

भाषेच्या निकषाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ज्या भाषेत शिक्षण चाललंय ती घरात न बोलणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. उच्चार, बोलण्याची ढब, अडखळणं यांना गुणांत जागा देऊ नका. ‘आत्मविश्वासानं बोलतो’ हा निकष तर काढूनच टाका, तो बहुतेक वेळा स्वभावाला गुण देतो. व्याकरणाची चूक कधी मोजायची? वाक्याचा अर्थ बदलला किंवा वाचकाला थांबून पुन्हा वाचावं लागलं, तर. ‘येणी’च्या जागी ‘देणी’ पडलं, तर ही चूक गंभीर. एखादी वेलांटी चुकली, तर नव्हे.

पायरी ४ : चौकटीतली वर्णनं लिहा

सगळा जीव इथे आहे, आणि सर्वांत जास्त वेळही इथेच द्यायला हवा.

माझ्या पहिल्या रूब्रिकमध्ये लिहिलं होतं: ‘मांडणी उत्कृष्ट – ४, मांडणी चांगली – ३, मांडणी बरी – २, मांडणी असमाधानकारक – १’. तक्ता तयार झाला आणि प्रश्न जिथल्या तिथे राहिला. विशेषण म्हणजे तपासणाऱ्याचं मत. वर्णनात हवं ते कागदावर बोट ठेवून दाखवता येईल असं काहीतरी.

तशी वर्णनं डोक्यातून येत नाहीत, विद्यार्थ्यांच्या कामातून येतात. मागच्या सत्रातली दहा-बारा टिपणं घ्या, नावं झाका, आणि गुण न देता फक्त चार ढीग करा. मग तिसरा ढीग दुसऱ्या ढिगाहून वेगळा का केला ते स्वतःलाच विचारा आणि मनात आलेलं वाक्य तसंच लिहून काढा. ‘यात निष्कर्ष आहे, पण तो शेवटच्या ओळीत आहे.’ ‘यात सगळे आकडे आहेत, पण कोणता महत्त्वाचा ते कळत नाही.’ झाली तुमची वर्णनं. जुनं काम नसेल तर स्वतःच एक चांगलं आणि एक कच्चं टिपण लिहून पाहा. तासभर जातो, पण काम नीट दिलंय की नाही तेही त्यात कळून येतं.

‘वाचकाची जाण’ या निकषाची माझी वर्णनं आता अशी आहेत.

पातळी ४: पैसे कुठे अडकले आणि मालकानं काय करावं हे पहिल्याच परिच्छेदात आहे. प्रत्येक तांत्रिक शब्द एकतर टाळलाय, नाहीतर वापरला तिथेच साध्या शब्दांत उलगडलाय.

पातळी ३: उत्तर स्पष्ट आहे, पण टिपणाच्या मध्यावर किंवा शेवटी सापडतं. एखाददुसरा शब्द उलगडायचा राहिला असला तरी अर्थ अडत नाही.

पातळी २: कारणं दिली आहेत, पण पत्रकाच्या भाषेत. मालकाला ती समजून घ्यायला दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागेल.

पातळी १: पत्रकातले आकडे ओळीनं वाक्यांत उतरवले आहेत. पैसे कुठे गेले याचं उत्तर नाही.

लिहिताना आधी तिसरी पातळी लिहा, म्हणजे ‘एवढं आलं तर मी समाधानी आहे’ ती. चौथी आणि दुसरी तिच्याशी तुलना करून सुचतात. पहिली लिहिताना ‘काहीच नाही’ असं लिहू नका, अगदी कच्च्या कामातही काहीतरी असतंच आणि ते काय असतं तेच लिहायचं.

दोन सापळे सांभाळा. एक, एका चौकटीत दोन वेगळ्या गोष्टी. ‘रचना सुसंगत आणि भाषा शुद्ध’ असं लिहिलंत आणि रचना सुंदर, भाषा अशुद्ध असा कागद आला, तर कुठे बसवणार? दुसरा सापळा मोजणीचा. मी एकदा ‘किमान तीन गुणोत्तरं वापरली आहेत’ असं लिहिलं. झालं, प्रत्येक टिपणात तीन गुणोत्तरं आली. मालकाचा प्रश्न रोकडीचा, आणि मुलं त्याला प्रति भाग (शेअर) उत्पन्न सांगत होती. आता त्या जागी आहे: ‘दिलेला प्रत्येक आकडा मालकाच्या प्रश्नाला लागू पडतो आणि तो कोणत्या पत्रकातून आला ते दाखवता येतं.’

‘प्रश्नांना उत्तरं’ या निकषात उत्तर बरोबर की चूक एवढंच पाहू नका. प्रश्न पुरता ऐकला का, समजला नाही तेव्हा पुन्हा विचारला का, आणि माहीत नसेल तर ‘हे तपासून सांगावं लागेल’ असं म्हणता आलं का, हे पाहा. माहीत नसताना ठोकून दिलेलं उत्तर या व्यवसायात फार महाग पडतं. म्हणून माझ्या तक्त्यात ‘तपासून सांगतो’ म्हणणारा विद्यार्थी तिसऱ्या पातळीवर येऊ शकतो, आणि ठोकून देणारा कितीही सफाईनं बोलला तरी दुसरीच्या वर जात नाही.

पायरी ५ : गटकार्याचा पुरावा आधी उभा करा

गटाचं टिपण उत्तम झालं म्हणजे गटकार्य उत्तम झालं असं नसतं. एकाच हुशार विद्यार्थ्यानं सगळं केलं तर टिपण बहुधा जास्तच सफाईदार होतं. गटकार्य घडतं चार आठवड्यांत, आणि तुम्हाला दिसतो तो शेवटचा दिवस. तेव्हा त्या चार आठवड्यांची नोंद कुठेतरी राहायला हवी.

इथे आपला विषयच आपल्या मदतीला येतो. लेखापरीक्षणाच्या कार्यपत्रावर, म्हणजे केलेल्या तपासणीची नोंद ठेवायच्या कागदावर, ते काम कुणी केलं आणि कधी पूर्ण केलं, कुणी तपासलं, कधी आणि कितपत तपासलं याची नोंद ठेवावी लागते. दस्तऐवजीकरणाबद्दलचं आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानक, आयएसए २३०, हेच सांगतं. मी विद्यार्थ्यांनाही तीच शिस्त लावते. प्रत्येक तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात ‘तयार करणारा’ आणि ‘तपासणारा’ अशी दोन नावं आणि तारखा, आणि बाजूला तपासणाऱ्याचे शेरे. एकानं तयार केलेलं त्यानंच तपासायचं नाही. मुलांना पुढे जे खरोखर करायचं आहे तेच ती शिकतात, आणि मला गटकार्याचा लेखी पुरावा मिळतो. त्यासाठी वेगळी रोजनिशी लिहायला लावावी लागत नाही. अशा रोजनिश्या आदल्या रात्री एकाच शाईनं लिहिल्या जातात.

यावरून ‘दुसऱ्याचं काम तपासणं’ हा निकष मिळतो.

पातळी ४: चूक कोणत्या तक्त्यात, कोणत्या ओळीत आहे आणि ती का वाटते ते लिहिलंय. दुरुस्ती झाल्यावर पुन्हा पाहून शेरा बंद केलाय.

पातळी ३: चूक नेमकी दाखवलीय आणि ती दुरुस्त झालीय, पण पुन्हा पाहिल्याची नोंद नाही.

पातळी २: शेरे मोघम आहेत. ‘आकडे जुळत नाहीत’, ‘एकदा बघून घे’.

पातळी १: सही आहे, शेरा नाही, आणि चूक पुढच्या तक्त्यात तशीच गेलीय.

त्याच्या जोडीला ‘आपल्या कामावरचा शेरा स्वीकारणं’ हाही निकष ठेवा. शेऱ्याला उत्तर दिलं का, पटला नाही तर कारण लिहिलं का, की गपचूप आकडा बदलून टाकला? मला स्वतःला हा निकष सगळ्या तक्त्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. आपली चूक दुसऱ्यानं दाखवल्यावर माणूस कसा वागतो यावर पुढे त्याच्याबरोबर काम करता येईल की नाही हे ठरतं. तिसरा निकष बैठकीतल्या सहभागाचा: स्वतः मत मांडणं, आणि गप्प बसलेल्याला बोलतं करणं. हा कागदावर दिसत नाही. त्यासाठी दोन तासिका गटांना वर्गातच बसवून तुम्ही फिरत राहा आणि प्रत्येक गटाजवळ पाच मिनिटं थांबून दोन ओळी टिपा. चौथा निकष, ठरलेलं काम ठरलेल्या दिवशी देणं. याला फार वर्णन लागत नाही, तारखा बोलतात.

एखाद्याच्या वाट्याला तपासायला आलेल्या तक्त्यात चूकच नसेल तर? मग त्याला शेरा लिहायची संधीच मिळत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला मी मुद्दाम तीन चुका पेरलेलं पत्रक देते. घसारा मिळवायच्या ऐवजी वजा केलेला, येण्यांतली वाढ वजा करायच्या ऐवजी मिळवलेली, आणि एका ओळीत चुकून मागच्या वर्षाचा आकडा. सराव होतो आणि प्रत्येकाचा निदान एक पुरावा माझ्या हाती राहतो.

पायरी ६ : सहकाऱ्यांचं मत घ्या, पण जपून

फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावून केलेले प्रयोग १९१३ साली प्रसिद्ध झाले. ओढणारे वाढले तसा दर माणशी जोर कमी होत गेला. पुढे १९७९ साली मानसशास्त्रज्ञ लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवण्यावर आणि ओरडण्यावर प्रयोग करून दाखवलं की हा नुसता ताळमेळाचा गोंधळ नसतो, गटात माणूस खरोखरच कमी मेहनत घेतो. आपला वाटा वेगळा मोजला जाणार आहे हे कळलं की ही ढिलाई बरीच उतरते. सहकाऱ्यांकडून मूल्यमापन करून घ्यायचं ते यासाठी.

पद्धत सोपी आहे. प्रत्येकानं वरच्याच निकषांवर स्वतःला आणि बाकीच्यांना गुप्तपणे गुण द्यायचे. नुसती बेरीज केली तर सढळ हाताच्या विद्यार्थ्याचं मत जास्त भारी पडतं, म्हणून प्रत्येकाच्या गुणांचे आधी वाटे करायचे. समजा, एका मुलीनं स्वतःसह चौघांना १६, १४, १२ आणि ८ गुण दिले. बेरीज ५०. तेव्हा वाटे झाले ०.३२, ०.२८, ०.२४ आणि ०.१६. असे चौघांकडून आलेले वाटे मिळवले की प्रत्येकाचा गुणक निघतो, आणि चौघांच्या गुणकांची बेरीज नेहमी ४ येते. गुणक १ म्हणजे बरोबरीचा वाटा.

आता गटाला १०० पैकी ६४ मिळाले आणि गुणक आले १.१५, १.०५, १.०० आणि ०.८०. सगळे ६४ गुणकानं गुणू नका, निम्मेच गुणा. पहिलीला ३२ + ३२ × १.१५ = ६८.८ आणि चौथ्याला ३२ + ३२ × ०.८० = ५७.६. फरक जाणवतो, पण एका भांडणापायी कुणी बुडत नाही.

आणि जपायचं ते हे. सगळ्यांनी सगळ्यांना सारखेच गुण दिले, किंवा तिघांनी मिळून एकाला पार तळाला टाकलं, तर गुणक लावण्याआधी कार्यपत्रं उघडून पाहा. माझ्या एका गटात तिघांनी चौथ्याला अगदी कमी गुण दिले होते. शेरे वाचले तेव्हा दिसलं, सगळ्यांत जास्त चुका त्यानंच पकडल्या होत्या आणि त्याचाच बाकीच्यांना राग आला होता. त्या गटाचा गुणक मी वापरला नाही, चौघांना एकत्र बसवून बोलले.

हेच मूल्यमापन दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एकदा बिनगुणांचं घ्या. मागे पडलेल्याला सावरायला दोन आठवडे मिळतात.

पायरी ७ : तक्ता विद्यार्थ्यांच्या हातात आधी द्या

कामाबरोबरच द्या, नंतर नव्हे. पण नुसता वाटला तर कुणी वाचत नाही. एक तासिका काढा, मागच्या वर्षातली दोन निनावी टिपणं वाटा आणि विद्यार्थ्यांनाच त्या तक्त्यानं पातळ्या द्यायला सांगा. वाद होतील, होऊ द्या. ‘याला तिसरी का, दुसरी का नाही?’ या वादात ती मुलं जे शिकतात ते माझ्या व्याख्यानात कधी शिकली नाहीत. कोणत्या चौकटीवर निम्मा वर्ग एकीकडे आणि निम्मा दुसरीकडे जातो ते टिपून ठेवा. तिथलं वाक्य बहुधा तुमचंच धूसर असतं.

पायरी ८ : दुसऱ्या शिक्षकाबरोबर नजर जुळवून घ्या

तपासणारे दोघं किंवा जास्त असतील तर हे टाळता येणार नाही. तीन टिपणं निवडा, प्रत्येकानं एकमेकांशी न बोलता पातळ्या द्याव्यात आणि मग एकत्र बसावं. चर्चा ‘मला वाटतं’ची होऊ देऊ नका, चौकटीतलं कोणतं वाक्य कागदावरच्या कोणत्या ओळीला लागू पडतं एवढंच बोला. सरासरी काढून मोकळं व्हायचा मोह होतो. एकानं ४ आणि दुसऱ्यानं २ दिले आणि दोघांनी ३ वर समझोता केला, तर मतभेदाचं कारण झाकलं जातं आणि पुढच्या कागदावर ते पुन्हा उभं राहतं.

आकड्यांत पाहायचं असेल तर एक सावधगिरी. ४० टिपणांपैकी २८ वर दोघांची पातळी एकच आली, म्हणजे ७० टक्के जुळणी. पण दोघंही बहुतेकांना तिसरीच पातळी देत असतील तर बरीचशी जुळणी नुसत्या योगायोगानं होते. मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० साली सुचवलेला ‘कप्पा’ (ग्रीक अक्षराचं नाव दिलेलं जुळणीचं माप) हा योगायोग वजा करतो. योगायोगानं ४० टक्के जुळेल असं निघालं, तर कप्पा = (०.७० – ०.४०) ÷ (१ – ०.४०) = ०.५०. सत्तर टक्क्यांनी वाटलेलं समाधान इथे थोडं ओसरतं. एकट्यानं तपासत असाल तर तीच तीन टिपणं आठवड्यानं स्वतःच पुन्हा तपासून पाहा.

पायरी ९ : तपासताना

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनात पाहिलं की एका गुणाबद्दल चांगलं मत झालं की बाकीच्या गुणांबद्दलही ते आपोआप चांगलं होतं. वर्गातही तेच होतं. सफाईनं बोलणाऱ्याचे आकडेही आपल्याला नीट वाटू लागतात. यावर उपाय म्हणजे निकषवार तपासणं. आधी सगळ्या टिपणांचा फक्त ‘वाचकाची जाण’ हा निकष, मग सगळ्यांचा ‘आकड्यांचा आधार’. सादरीकरणात हे शक्य नसतं, तिथे प्रत्येक गट संपल्यावर लगेच, पुढचा गट उभा राहण्याआधी पातळ्या लिहून टाका.

पातळीवर खूण केली की अभिप्राय संपला असं समजू नका. प्रत्येक विद्यार्थ्याला एक वाक्य लिहा, आणि ते पुढच्या पातळीच्या वर्णनातूनच घ्या: ‘तुझं उत्तर तिसऱ्या परिच्छेदात आहे, ते पहिल्या ओळीत आण.’ गुण आणि अभिप्राय एकाच वेळी दिले तर गुण पाहून कागद मिटला जातो. म्हणून मी अभिप्राय आधी देते आणि गुण दोन दिवसांनी.

पायरी १० : तक्ता दुरुस्त करा

सत्र संपल्यावर प्रत्येक निकषावर किती जण कोणत्या पातळीला आले ते मोजा. एका निकषावर सगळेच तिसऱ्या पातळीवर असतील तर तो निकष काही वेगळं दाखवत नाही, वर्णनं बदला किंवा काढून टाका. वर्गातले निम्मे ‘शेरा स्वीकारणं’ यात दुसऱ्या पातळीवर अडकले असतील, तर दोष त्यांचा नाही, ते आपण शिकवलेलंच नाही. पुढच्या सत्रात त्यासाठी एक तासिका काढा. तक्त्याच्या प्रत्येक आवृत्तीवर तारीख घाला आणि कोणतं वाक्य का बदललं ते खाली लिहून ठेवा. प्रत्येक पातळीचं एक निनावी टिपणही विद्यार्थ्याच्या परवानगीनं त्याच फायलीत ठेवा, पुढच्या वर्षी पायरी ७ साठी ते लागेलच.